गिधाडांचा मुलूख : तापीकाठचा एक वृत्तान्त

1689 साली जॉन ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेच्या प्रवासास निघाला आणि मायदेशी परतल्यावर 1696 साली त्याने आपल्या प्रवासाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मोगल अंमलातल्या त्या गजबजलेल्या बंदरातली जकात, वखारी, व्यापारी आणि दरबारी रीतिरिवाज यांचे वर्णन करता करता दोन गोष्टींपाशी त्याची लेखणी विशेष रेंगाळली. पहिली म्हणजे शहरातले जनावरांचे रुग्णालय, ज्याला आपण पांजरपोळ म्हणतो आणि जिथे म्हाताऱ्या व लुळ्या-पांगळ्या गुरांना मरेपर्यंत चारा मिळे. आणि दुसरी म्हणजे वस्तीपासून दूर असलेला पारशांचा दखमा, जिथे प्रेते उघड्या आकाशाखाली ठेवली जात आणि आभाळातून उतरणारी गिधाडे आपले काम करून जात. ओव्हिंग्टनला हे दृश्य भीषण वाटले आणि ते स्वाभाविकही होते. परंतु त्याच्या वर्णनातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते, ती ही की तीनशे वर्षांपूर्वी सुरतेच्या आभाळात गिधाडांचा वावर इतका नित्याचा होता की एका संपूर्ण समाजाने आपल्या अंत्यविधीची भिस्त त्यांच्यावर निःशंकपणे ठेवली होती.

गिधाडांचा मुलूख नकाशावर दाखवायचा तर सिंधपासून आसामपर्यंत आणि हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत जवळजवळ सारा देशच रंगवावा लागे. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड झाडांवर घरटे करी, लांब चोचीचे गिधाड सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या कड्यांवर राही, आणि दोघेही एकाच ढोरावर उतरत. या सुकाळाचे कारण आपल्या गावगाड्यातच दडलेले होते. ज्या देशात गाय-बैल सहसा कापले जात नाहीत, शेतात राबून म्हातारे होतात आणि आपल्या मरणाने मरतात, त्या देशात मेलेल्या ढोरांची विल्हेवाट हा दरवर्षी कोट्यवधींच्या संख्येत उभा राहणारा प्रश्न असतो. आणि तो प्रश्न आपल्या समाजाने दोघांच्या माथी मारला होता, एक महार आणि दुसरे गिधाड. मेलेले ढोर गावाबाहेर ओढून न्यावे, कातडे काढावे, हाडे वेगळी पडू द्यावीत, ही कामे वतनदारीच्या साच्यात बसवलेली होती आणि त्यांच्या मोबदल्यात महारांना दिलेल्या इनाम जमिनीला हाडकी-हाडोळा असे नाव दप्तरांतून आढळते. कातडे सोललेल्या ढोराचे उरलेले मांस गिधाडांचे. गिधाड वासाने भक्ष्य शोधत नाही. ते दुपारच्या तापलेल्या हवेच्या झोतावर उंच चढते आणि खालच्या जमिनीबरोबरच दूरवरच्या दुसऱ्या गिधाडावरही नजर ठेवते, म्हणून एक खाली झेपावले की मैलोगणती अंतरावरची साखळीच्या साखळी त्याच जागी येऊन उतरते आणि बघता बघता बैलाचा सांगाडा स्वच्छ होतो.

ही व्यवस्था निसर्गाच्या दृष्टीने जितकी चोख होती, तितकीच माणसाच्या दृष्टीने अन्यायाची होती, हे इथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. मार्च 1927 मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडून द्या, असे आपल्या समाजबांधवांना बजावले, तेव्हा गावगाड्याच्या त्या जुन्या करारातला एक पक्ष न्याय्य कारणाने बाजूला झाला. गिधाडे मात्र राहिली. पुढची साठ वर्षे त्यांच्या संख्येत कुणाला काही उणे दिसले नाही; उलट 1980 च्या दशकात त्यांची संख्या सुमारे चार कोटी असावी असा अंदाज सांगितला जातो आणि त्या काळी मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतले अभ्यासक ज्या प्रश्नावर काम करीत होते, तो गिधाडांना वाचवावे कसे हा नसून विमानांवर आदळणाऱ्या गिधाडांपासून विमानतळ वाचवावेत कसे, हा होता.

याच सुमारास सुरतेच्या पूर्वेला एक वेगळे स्थलांतर चालू होते. तापी खोऱ्यातून सुरतेला खानदेशाशी जोडणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला होता; त्याच मार्गाने धुळे, नंदुरबार आणि जळगावकडची माणसे मागांच्या आणि साड्यांच्या धंद्यात येऊन उधना, लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा या भागांत वसली. गोडादरा हे एके काळचे शिवार-गोचर असलेले गाव. आज तिथे सोसायट्यांच्या गल्ल्यांत एम्ब्रॉयडरीच्या यंत्रांचा आवाज आहे, ओट्यांवर साड्यांना खडे चिकटवण्याचे काम आहे आणि कानांवर अहिराणी व मराठी आहे. या वस्तीतल्या पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही खानदेशी माणसाला विचारावे, गावाकडच्या ढोर टाकण्याच्या जागेवर उतरलेली गिधाडे त्याच्या स्मरणात आहेत. आणि त्यांच्या गोडादऱ्यातच जन्मलेल्या मुलांना विचारावे, त्यांनी गिधाड पाहिले असेल तर पुस्तकातल्या चित्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर. दोन पिढ्यांच्या मध्ये जे घडले, त्याचा क्रम असा.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1980 च्या दशकात डॉ. विभु प्रकाश यांनी शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता, तेव्हा तिथे गिधाडांची शेकडो घरटी होती. दशकभराने ते परत गेले आणि त्यांना वेगळेच दृश्य दिसले : झाडांच्या फांद्यांना लटकलेली, जमिनीवर पडलेली मेलेली गिधाडे, आणि जी जिवंत होती त्यांच्या माना खाली लोंबलेल्या. अन्न विपुल होते, झाडे जागेवर होती, शिकार होत नव्हती. तरीही पक्षी मरत होते. 1999 साली त्यांनी ही हकीकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढे मांडली आणि पुढच्याच वर्षी जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने या जातींना अतिसंकटग्रस्त ठरवले. एखादा विषाणू असावा, अशी आरंभी अनेकांची अटकळ होती. कीटकनाशकांवरही संशय घेतला गेला. देशभर रस्त्यांच्या कडेने मोटारीतून केलेल्या गणनांची पुढे तुलना झाली तेव्हा दिसले की 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे हजारातून एक उरली आणि लांब चोचीची शंभरातून तीन. एवढ्या वेगाने इतका विपुल पक्षी नाहीसा झाल्याचे उदाहरण पक्ष्यांच्या ज्ञात इतिहासात शोधून सापडणे कठीण.

कारण सापडले ते सरहद्दीपलीकडे. पाकिस्तानी पंजाबातल्या गिधाडांच्या वसाहतींत लिंडसे ओक्स हे पशुवैद्यक आणि त्यांचे सहकारी मेलेल्या पक्ष्यांचे विच्छेदन करीत होते. पोट उघडताच यकृतावर आणि हृदयाच्या आवरणावर खडूच्या लुकणासारखा पांढरा थर आढळे. हे युरिक आम्लाचे स्फटिक. मूत्रपिंडे निकामी झाली की ते रक्तातून सुटून आतल्या अवयवांवर साचतात. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात, कीटकनाशक सापडेना. तेव्हा त्यांनी प्रश्न फिरवून विचारला : गिधाड जे खाते, ते म्हणजे गुरे, तर गुरांना अलीकडे नवे काय दिले जाते आहे? पशुवैद्यकांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी करता करता ते डायक्लोफेनॅकपाशी पोहोचले. माणसाच्या सांधेदुखीवर दीर्घकाळ वापरात असलेले हे वेदनाशामक नव्वदीच्या दशकात या उपखंडात स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या बैलाला, ताप चढलेल्या म्हशीला, सुजलेल्या कासेला एका सुईत आराम देणारे म्हणून गोठ्यागोठ्यांत शिरले. मूत्रपिंड निकामी झालेल्या प्रत्येक गिधाडाच्या अंगात ते आढळले आणि अन्य कारणाने मेलेल्या एकाही गिधाडात आढळले नाही. 2004 च्या आरंभी 'नेचर' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

इथे अंकगणिताकडे क्षणभर लक्ष द्यावे, कारण साऱ्या अनर्थाचे मर्म त्यात आहे. गिधाड वर्षाकाठी एकच अंडे घालते, आणि पिल्लू स्वतः घरटे करण्याजोगे होण्यास पाचेक वर्षे लागतात. म्हणजे त्याचा वंश टिकतो तो पुष्कळ पिल्लांवर नव्हे, मोठ्या पक्ष्यांच्या दीर्घायुष्यावर. उलट एका विषारी ढोरावर एकाच वेळी शेकडो पक्षी जेवतात. अभ्यासकांनी हिशेब मांडला की शंभर मृत ढोरांपैकी एकात, किंबहुना त्याहूनही कमी ढोरांत हे औषध असले तरी एवढा ऱ्हास घडवण्यास ते पुरेसे आहे. आणि बंदीपूर्वी भारतात ठिकठिकाणी तपासलेल्या ढोरांपैकी सुमारे दहा टक्क्यांत ते प्रत्यक्ष आढळले. ज्या शेतकऱ्याने आपल्या आजारी जनावराला ती सुई टोचून घेतली, त्याच्या हेतूत तिळमात्र दोष नव्हता. तो मायेने वागत होता. सुरतेच्या पांजरपोळांनी ज्या भूतदयेची परंपरा शतकानुशतके चालवली, तिचेच ते गोठ्यातले रूप होते. आणि त्या दयेच्या कुपीत आभाळातल्या दुसऱ्या जीवाचे मरण भरलेले आहे, हे त्याला सांगणारा कोणी नव्हता.

परिणाम मोजायला समाजाला वीस वर्षे लागली. ढोरे तशीच पडून कुजू लागली, त्यांच्यावर भटक्या कुत्र्यांची पैदास झाली, पाणवठे नासले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पूर्वी जिथे गिधाडांचा वावर होता ते जिल्हे आणि जिथे तो नव्हता ते जिल्हे यांच्या मृत्युनोंदींची तुलना केली आणि 2000 ते 2005 या काळात गिधाडांच्या अभावी देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा अंदाज 2024 साली प्रसिद्ध केला. या आकड्यात कुत्र्याने चावलेले खेड्यातले पोर आहे आणि ओढ्याचे पाणी पिणारे कुटुंबही आहे; त्यांतल्या कोणाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर गिधाडाचे नाव लिहिलेले नाही.

सुरतेपुरते पाहिले तर या इतिहासाचे सर्वांत करुण पान पारशी समाजाच्या वाट्याला आले. दखमे उभे राहिले, पक्षी गेले. मुंबईच्या डुंगरवाडीत प्रेतांच्या विघटनासाठी सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. पुढे करोनाच्या साथीत सरकारी नियमांनी मृतदेह दहन किंवा दफन करणे सक्तीचे केले, तेव्हा दखम्याचा हक्क मागण्यासाठी न्यायालयाची पायरी चढली ती सुरत पारसी पंचायतीने. गुजरात उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये उभयपक्षी तोडगा मान्य झाला. त्यात एक अट होती : प्रेताला पक्ष्यांचा स्पर्श होऊ नये म्हणून दखम्यावर धातूची जाळी बसवावी, आणि विघटन सूर्याच्या उन्हाने व्हावे. ज्या शहरात ओव्हिंग्टनने दखम्यावर उतरणारी गिधाडे पाहिली, त्याच शहराच्या करोनाकाळातल्या अंत्यविधीच्या नियमांत गिधाडांना प्रवेश नसल्याचे अशा रीतीने लेखी नमूद झाले.

गुजरातच्या दुसऱ्या टोकाला गावगाड्याच्या त्या जुन्या करारातल्या माणसाच्या पक्षाचा प्रश्नही फिरून उफाळून आला. जुलै 2016 मध्ये उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावी मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना जाहीर मारहाण झाली, तेव्हा सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीपुढे मेलेली ढोरे आणून टाकण्यात आली आणि यापुढे हे काम आम्ही करणार नाही, असे अनेक ठिकाणच्या लोकांनी सांगितले. त्यांचा रोष सर्वस्वी योग्य होता. परंतु त्या दिवसांत उघड्यावर पडलेल्या ढोरांनी एक सत्य सर्वांच्या नाकाशी आणून ठेवले, की शतकानुशतके ज्या दोघांच्या जिवावर गावे स्वच्छ राहिली, त्यांपैकी एकाला समाजाने माणूस मानले नाही आणि दुसऱ्याला अशुभ मानले.

डायक्लोफेनॅकच्या प्रकरणी सरकार मात्र, सुदैवाने, तुलनेने लवकर हलले. मे 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबवण्याचा हुकूम निघाला, 2008 साली राजपत्रातून बंदी पक्की झाली. तरी माणसांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या. म्हणून 2015 साली एका कुपीत तीन मिलिलीटरहून अधिक औषध भरण्यास मनाई झाली. औषधाच्या जागी आलेली काही भावंडेही तितकीच घातक निघाली आणि केटोप्रोफेन व ॲसेक्लोफेनॅक यांवर 2023 साली तीच पाळी आली. बंदीच्या जोडीला हरियाणातल्या पिंजोर येथे वनखाते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी प्रजनन केंद्र उभारले, पुढे पश्चिम बंगाल, आसाम आणि भोपाळ येथेही केंद्रे निघाली. गुजरातेत मात्र घसरण चालूच राहिली : गीर फाउंडेशनच्या गणनेत 2005 साली 2,647 असलेली राज्यातली गिधाडे 2018 साली 820 भरली. भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याला नारळाच्या झाडांच्या शेंड्यांवर त्यांची घरटी होती, अशी सुंदर नोंद आहे; सुरतेच्या बाजूला अशी नोंद करण्याजोगे काही उरले नाही.

जगाच्या दुसऱ्या भागात याच काळात याच्या अगदी उलट घडत होते. उत्तर अमेरिकेत कृष्णगिधाडांच्या मुलुखाची उत्तर सीमा वर वर सरकत गेली आणि 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे भरतपूरची झाडे मेलेल्या पक्ष्यांनी लदलेली असताना, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांची घरटी सापडू लागली. हिवाळे सौम्य झाले, हरणांची संख्या वाढली, महामार्गांवर वाहनांखाली येणाऱ्या जनावरांचे मांस बारमाही मिळू लागले, ही तिथली कारणे सांगितली जातात. आपल्याकडेही उत्तरेच्या कडेनेच पहिली शुभवार्ता आली. नेपाळने 2006 सालीच या औषधावर बंदी घातली, पिठौली गावच्या लोकांनी म्हाताऱ्या गुरांना औषधमुक्त सांभाळून त्यांच्या नैसर्गिक मृत्यूनंतर गिधाडांना निर्धोक अन्न घालण्याचे केंद्र चालवले, आणि पुढच्या दशकात तिथल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या वाढू लागल्याचे गणनांतून दिसले. पाखरांच्या मुलुखाची सीमा हवामान आखते, असे आपण शाळेत शिकलो. गिधाडांच्या बाबतीत ती मेलेल्या जनावराशी माणूस कसा वागतो यावर आखली जाते, असे मला या साऱ्या हकीकतीवरून वाटते.

महाराष्ट्रात ही सीमा हळूहळू, बोटभर का होईना, परत सरकते आहे. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात सिस्केप या संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री यांनी ग्रामस्थांच्या साह्याने झाडांवरची घरटी राखली. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळच्या खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावकऱ्यांनी गिधाडांसाठी अन्नकेंद्र चालवले. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे अजून नांदतात, आणि जटायू जिथे पडला असे परंपरा मानते ते टाकेद त्याच जिल्ह्यात आहे. जानेवारी 2024 मध्ये पिंजोरहून वीस गिधाडे महाराष्ट्रात आली, दहा ताडोब्याला आणि दहा पेंचला. ऑगस्टमध्ये पाठीवर उपग्रह-यंत्र बांधून त्यांना मोकळे सोडले. त्यांतले 'एन-11' या खुणेचे, पांढऱ्या पुठ्ठ्याचे एक गिधाड ताडोब्याहून निघाले ते छत्तीसगड, गुजरात, कर्नाटक असे राज्यामागून राज्य ओलांडीत, सुमारे 4,000 किलोमीटरचा प्रवास करून तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात पोहोचले. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याच्या पंखांत अजून तो सारा जुना मुलूख शाबूत आहे, याहून मोठा पुरावा कोणता हवा? परंतु त्याला वाटेत जे ढोर मिळेल ते निर्विष असेल की नाही, हे पंखांच्या हाती नाही.

म्हणून गोडादऱ्यातल्या, उधन्यातल्या आणि लिंबायतच्या वाचकांना एक विनंती. तुमचे आईवडील, भाऊ-भावजय गावी आहेत, त्यांच्या गोठ्यात बैल किंवा म्हैस आहे, आणि जनावर लंगडले की फोन तुम्हालाच येतो, औषधाचे पैसेही पुष्कळदा तुम्हीच पाठवता. त्या फोनवर एवढे सांगा, की डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड मागा. ही दोन्ही औषधे जनावराला तेवढाच आराम देतात, दुकानात मिळतात, आणि गिधाडांना अपाय करीत नाहीत असे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे.